काटेवाले काका

पाया पडायला वाकलेला माणूस लवकर उठलाच नाही, की समजायचं हे काका आहेत. समोरचा म्हातारा हात वर करून आशीर्वाद देऊन मोकळा होतो, "असू द्या, असू द्या" म्हणतो, तरी काका खालीच. धोतर किंवा पायजमा बोटभर वर सारून त्यांनी नडगीवर अंगठा रोवलेला असतो आणि ओठातल्या ओठात ते पाचपर्यंत मोजत असतात. अंगठा काढला की तिथं खळगा पडतो का, पडला तर किती वेळात भरतो, एवढंच त्यांना बघायचं असतं. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना असं धरलं. सासरे त्यांच्याहून लहान, त्यामुळे आणखीच संकोचले. सुनेच्या दवाखान्यातली माणसं किती संस्कारी आहेत, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटला न उमटला तोच काका उठले आणि म्हणाले, पाय चांगले आहेत, जेवायला हरकत नाही.

एकदा तालुक्यातल्या एका शिबिरात त्यांनी पुढाऱ्यालाही सोडलं नाही. नाव सांगत नाही, अजून निवडून येतात. काकांच्या हातून त्यांना शाल द्यायची होती. शाल देऊन काका वाकले ते वाकलेच. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. मग ते उठले आणि समोरच्या माईकमध्ये म्हणाले की पुढाऱ्यांच्या दोन्ही पायांना खड्डा पडतोय, आजपासून लोणचं बंद करा आणि उद्या दवाखान्यात या. मंडपात हशा पिकला. पुढारीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं गुपचूप तपासून गेले. काका म्हणाले तेच निघालं. त्यांचं लोणचं सुटलं की नाही देव जाणे, पण पुढं कुठल्या कार्यक्रमात काका दिसले की ते पाय खुर्चीखाली ओढून घेत.

काका डॉक्टर नव्हते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. बैलांच्या खुरांना पट्ट्या बांध, शेळ्यांना औषध पाज, कोकरं जोख, असली कामं. रिटायर झाले आणि वर्षभरात त्यांना झटका आला. जीव वाचला, पण हृदय कायमचं कमजोर झालं. गेवराईला मी ज्या खाजगी दवाखान्यात सिस्टर होते, तिथं ते तपासायला यायचे. नंबर येईस्तोवर बाकावर बसून शेजारच्या पेशंटला काहीबाही समजावत बसायचे. डॉक्टरांनी दोन-चार वेळा ते ऐकलं आणि जिन्याखालची खोली त्यांना देऊन टाकली. सोमवार आणि शुक्रवार, अकरा ते एक, कमजोर हृदयाच्या पेशंटची शाळा.

मला हे अजिबात पटलं नव्हतं. मी बीडला रीतसर नर्सिंग शिकून आलेली, आणि माझ्या पेशंटना शिकवणार कोण, तर काल-परवापर्यंत म्हशींना टोचणारा माणूस. वर मलाच विचारणार, "शिष्टर, मीठ किती म्हंता तुमी ह्येला?" मी ग्रॅममध्ये सांगितलं की तोंड वाकडं करणार. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, चांगलाच यायचा.

पण त्यांचं काही काही मला मुकाट मान्य करावं लागलं. आता 'हार्ट फेल' हाच शब्द घ्या. कागदावर डॉक्टर तसंच लिहितात. आमच्याकडं हार्ट फेल झालं म्हणजे माणूस गेला, पाव्हण्यांना फोन करायचे. एका ऊसवाल्याला डॉक्टरांनी तसं सांगितलं, तर त्याच्या बायकोनं बाकावरच गळा काढला, आणि तो स्वतः जिवंत असूनही सुतकी तोंड करून शेजारी बसला. मी तिला पाणी देत होते. काका आले आणि त्याला म्हणाले, "तुझ्या हिरीवरची मोटर व्होल्टेज कमी असलं की काय करती बे?" तो म्हणाला, चालते, पण शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही आणि इकडं हौदाशीच चिखल होतो. काका म्हणाले, तेच झालंय, मोटर जळालेली नाही, नुसतं व्होल्टेज कमी आहे. चिखल तो पायात आणि छातीत होतो. चिखल होऊ द्यायचा नाही एवढंच आपलं काम. बाईचं रडणं तिथंच थांबलं.

ताकाचंही तसंच. दिवसाला दीड लिटरच पाणी, असं डॉक्टर बजावून सांगायचे. लोक पाळायचेसुद्धा. पण ताक म्हणजे पाणी नव्हे, यावर आमच्या तालुक्यात सगळ्यांचं एकमत. एका गृहस्थानं पाणी अर्ध्यावर आणलं आणि रोज सहा पेले ताक प्यायला, तेही मीठ-जिरं घालून. कावून फुगलो, असं वर त्यानंच विचारलं. काकांनी त्याच्यापुढं त्याच्याच तांब्यानं पाणी, ताक, चहा, वरणाचं पाणी असं सगळं एका बादलीत ओतून दाखवलं. अख्खी खोली नाक दाबून बसली होती. तो गृहस्थ मात्र पुन्हा फुगून आला नाही.

मी एक पत्रक छापून घेतलं होतं. रंगीत, चित्रांचं. त्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं की लघवीची गोळी एक दिवसही चुकवू नका. एक बाई नारायणगडाला दर्शनाला जाऊन आल्या आणि दोन दिवसांत घागरीएवढे पाय घेऊन दवाखान्यात हजर. गोळी घेतली नव्हती. मी पत्रक त्यांच्या तोंडासमोर नाचवून पुष्कळ बोलले. काकांनी मला बाहेर काढलं, दार लोटलं आणि शांतपणे विचारलं, कावून नाही घेतली. बाईंनी पदराआडून सांगितलं की एसटीत दोन तास, मग गडावर ती गर्दी, गोळी घेतली की घडीघडी उठावं लागतं, बाईमाणसानं जावं कुठं. काका तडक डॉक्टरांकडं गेले. यांनी अशा दिवशी गोळी घरी आल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, म्हणून विचारून आले. डॉक्टर म्हणाले, यांना चालेल. मी कपाळाला हात लावला. हे मला, बाईमाणसाला, सुचायला हवं होतं. त्या पत्रकांचा गठ्ठा मग मी कपाटावर टाकून दिला.

तर अशी हळूहळू मीही त्यांची चेली झाले. पुढं जे झालं त्यात या गोष्टीचा वाटा आहे, म्हणून सांगून ठेवते.

काकांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी आणि पिशवीत वजनकाटा. गोल तबकडीचा, काच असलेला, आपण उभं राहिलं की काटा फिरतो तो. त्यावरून गावभर त्यांचं नाव काटेवाले काका पडलं होतं. हायवेच्या कडेला चहा प्यायला थांबले तरी ते एखाद्या ड्रायव्हरला त्यावर उभा करायचे. त्यांच्या शाळेचा पहिला धडा काटा आणि शेवटचा धडाही काटा. सकाळी उठल्यावर, परसाकडं जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच कपड्यात उभं राहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नाही, पाणी आहे, फोन करायचा. आमच्याकडं आजारी माणसाचं वजन वाढलं की घरचे खूश होतात, अंग धरलं म्हणतात, नारळ फोडायला जातात. काका त्यांना असं झापायचे की विचारू नका.

"जीव काय सांगतो ते ऐकू नका," ते म्हणायचे. "जीव लबाड हाय. काट्याचं ऐका."

दुसरा दंडक म्हणजे शाळा चालू असताना दाराला कडी. मध्ये कुणी आलेलं त्यांना खपत नसे. एकदा डॉक्टर स्वतः काही विचारायला डोकावले, तर त्यांनाही परत पाठवलं होतं. त्यांचा पारा चढला की दोन दिवस उतरत नसे, म्हणून आम्ही तिघी सिस्टर त्या दारावर टकटकसुद्धा करत नव्हतो.

उमापूरचा एक मेंढपाळ त्यांच्याकडं आला तेव्हा वर्षात तीनदा भरती होऊन गेलेला होता. पंचावन्नच्या आसपासचा, उंच, अबोल माणूस. तिन्ही वेळा छातीत पाणी, आडवं होता येत नव्हतं, बसून श्वास ओढत होता. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला स्पष्ट सांगितलं होतं की चौथ्यांदा असे आले तर माझ्या हातात काही राहणार नाही. मुलगा पुण्याला गाडीवर ड्रायव्हर. त्याचं म्हणणं, मेंढरं विकून टाकू, बाबांना घरी बसवू. बापानं एवढंच सांगितलं होतं की मेंढरं गेली तर मला गोळ्याच देऊ नका. बायको दोघांच्या मध्ये. तिला मेंढरांचं काही नव्हतं, तिला नवरा हवा होता.

काकांनी हा पेशंट स्वतःच्या अंगावर घेतला. ह्याला भरती होऊ देणार नाही, असं आम्हाला सांगून टाकलं. त्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग काकांनी त्यालाच विचारलं, तुझं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं तर ओळखतोस कसं. तो म्हणाला, गेरूचं बोट ओढलेलं असतं पाठीवर. पुढच्या खेपेला काकांनी गेरू मागवला. अंगातलं पाणी उतरल्यावर त्या माणसाचं जे वजन होतं, त्याच्यावर दोन किलो धरून काट्याच्या काचेवर त्याच्याच बोटानं तांबडी रेघ ओढून घेतली आणि तो काटा त्याला देऊन टाकला. काटा रेघेला टेकला की फोन. आत असला की बिनघोर. बायकोलाही ते नीट कळलं. मला तर ती रेघ इतकी आवडली की मी डॉक्टरांना मुद्दाम दाखवली.

अख्खा पावसाळा तो माणूस भरती झाला नाही. एकदा काटा रेघेला टेकला, त्यांनी फोन केला, डॉक्टरांनी गोळी वाढवली, चार दिवसांत काटा मागं आला. काका त्या आठवड्यात हवेत चालत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला उमापूरची गोष्ट सांगत होते. दिवाळी झाली आणि मेंढरं रानात निघाली. आमच्याकडं पीक काढलेल्या, नांगरलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, खतासाठी. आज एकाच्या रानात, चार दिवसांनी दुसऱ्याच्या. घोडीवर बिऱ्हाड लादलं, त्यात काटाही गेला. ती बाई जाताना काकांना सांगून गेली होती की एक सकाळ चुकणार नाही. खरंच चुकली नाही.

उन्हाळा लागायच्या बेतात, एका शुक्रवारी, साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. बाहेर गर्दी होती, एका हातानं मी कुणाची तरी पट्टी धरली होती. पलीकडून ती बाई बोलत होती. म्हणाली, पाय लई सुजल्यात, चार पावलं चाललं की थांबत्यात. मी विचारलं, काटा?

"काटा रेघेच्या लई आत हाय, शिष्टर. रोज बघतो आमी."

पाय सुजलेत आणि दम लागतोय, एवढं ऐकल्यावर पेशंटला ताबडतोब बोलवायचं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी ते शिकलेली होते. पण काटा आत आहे म्हणाली आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं. काकांना विचारावं असं एकदा आलं मनात. दाराला कडी होती. शाळा चालू होती. मी तिला म्हणाले की काटा आत आहे ना, मग घाबरू नका, सोमवारी घेऊन या. बरं, म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी सकाळी त्यांना पिकअपमध्ये घालून आणलं. गेवराईत पोचेपर्यंत ते गेलेले होते.

काकांचा विश्वासच बसेना. काटा बिघडला असणार, एवढंच ते म्हणत राहिले. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, चला. मेंढरांना काही सुतक पाळता येत नाही, ती बाई दिरासोबत पुन्हा रानात गेलेली होती. आम्ही उमापूरच्या पुढं, नदीकडच्या रानात गेलो. बाईनं आम्हाला पोतं अंथरून दिलं, चहा ठेवला. काकांनी काटा मागितला, आणि ते रोज कुठं मांडून उभे राहत होते म्हणून विचारलं. तिनं बिऱ्हाडाशेजारची जागा दाखवली. नांगरलेलं काळं रान. भुसभुशीत, पाऊल घोट्याइतकं आत जाणारं.

काकांनी काटा तिथं ठेवला आणि वर उभे राहिले. काट्याचं बूड मातीत रुतलं आणि वरची पाटी कडेच्या ढेकळांवर टेकली. त्यांनी आकडा पाहिला. मग काटा उचलून विहिरीच्या सिमेंटच्या कट्ट्यावर नेला आणि पुन्हा उभे राहिले. चार किलो जास्त. परत मातीत आले, परत कट्ट्यावर गेले. तीन वेळा केलं. त्यांना धाप लागली होती, मी धरायला गेले तर हात झटकला. मग बांधावर बसले.

घरी फरशी होती, दवाखान्यातही फरशी होती, तिथं काटा खरं बोलत होता. रानात माणसाच्या अंगात पाणी चढत गेलं आणि तेवढा भार माती आपल्यावर घेत गेली. तो रोज सकाळी उभा राहत होता, रेघ बघत होता आणि बिनघोर होत होता.

"कोकरं जोखायला गेलो की मी काट्याखाली फळी टाकायचो," काका म्हणाले. "सारी नोकरीभर टाकली. ह्याला सांगायची राहिली."

बाई चहा गाळत होती. तिनं वर न बघता सांगितलं की शुक्रवारी तिनं दवाखान्यात फोन केला होता, एका बाईंनी सोमवारी या म्हणून सांगितलं. काकांनी विचारलं, कुठल्या बाई. ती म्हणाली, नाव कुठं विचारलं, असतील कोणी. मी हातभर अंतरावर बसले होते. मी मेंढरांकडं बघत राहिले. मग तिनं काकांना विचारलं, "शुक्रवारीच आणलं असतं तर?"

खोटं बोलता आलं असतं. कुणीही बोललं असतं.

"वाचला असता," काका म्हणाले. "भौतेक वाचला असता."

तिनं मान हलवली आणि आमच्या हातात कप दिले.   फोन कुणी घेतला ते काकांनी मला येताना गाडीत विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही.

पुढच्या सोमवारपासून शाळेची सुरुवात बदलली. पेशंट बसले, कडी लागली नाही, दार उघडंच. काका उभे राहिले आणि म्हणाले, "मी एक मानूस मारलाय. बसा, कसा त्ये सांगतो." मग सगळी गोष्ट, रेघेपासून कट्ट्यापर्यंत. त्यानंतर पाय, दम आणि काटा, यातलं एक जरी बिघडलं तरी निघून यायचं, उरलेली दोन चांगली आहेत म्हणून थांबायचं नाही, असं प्रत्येकाकडून वदवून घेत. कुठून तरी जुनं दार मिळवून त्याच्या फळ्या कापून आणल्या होत्या, प्रत्येकाला त्याच्या काट्याखाली टाकायला एक. डॉक्टरांनी त्यांना खूप समजावलं की असं सांगू नका, लोक घाबरतील, दवाखान्याचं नाव जाईल. काकांनी ऐकलं नाही. लोक घाबरलेही नाहीत. उलट पुढं सरकून बसायचे.

जिन्याखालची ती खोली आणि माझं टेबल यांच्यामध्ये नुसतं प्लायवूड. दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, अकरा वाजता मी ते वाक्य ऐकत होते. मी मारलाय. दर वेळी 'मी'च. सांगावं असं शंभरदा ठरवलं. चहा घेऊन आत गेले, आणि चहा ठेवून बाहेर आले. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. त्यांचं मन राखायचं होतं वगैरे म्हणायला छान आहे, पण तसं काही नव्हतं.

मागच्या वर्षी त्यांना दोन पायऱ्याही चढवेनात. मुलगी येऊन लातूरला घेऊन गेली. अजून अधूनमधून त्यांचा फोन येतो. माझी खुशाली विचारत नाहीत, कुणाकुणाचे पाय कसे आहेत ते विचारतात. त्यांनाही मी अजून सांगितलेलं नाही.

ते लातूरला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, शाळा आता तुम्ही घ्या. पहिल्या सोमवारी खोलीत नऊ जण होते. मी तयारी करून गेले होते, काय काय सांगायचं ते कागदावर होतं. उभी राहिले आणि कागदाकडं बघणं जमेना. मी त्यांना उमापूरची गोष्ट सांगितली. मातीची सांगितली, आणि मग शुक्रवारच्या फोनची सांगितली. फोन मी घेतला होता, सोमवारी या असं मी म्हणाले होते, विचारायला शेजारच्या खोलीत माणूस होता आणि मी विचारलं नाही. पहिल्यांदाच हे मोठ्यानं बोलत होते. 

पुढं एक म्हातारी बसली होती, पायाला सूज, सोबत सून.

"आन् आता फोन कोन उचलतं?" तिनं विचारलं.

"मीच उचलते, माय."

तिनं कनवटीचा छोटा फोन काढला, सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, "घाल बाईंचा नंबर."